सोलापूरची खुराडी आणि कोंबडीच्या पोटातली राखण

सोलापूर जिल्हा पाहायचा तर पौष-माघात पाहावा. वैशाखात इथला पारा चाळिशीच्या बराच वर जातो आणि माणूस, बैल, कोंबडी सगळेच बाभळीची विरळ सावली धरून बसतात. पण संक्रांतीच्या सुमाराला शहरात सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची जत्रा भरलेली असते, नंदीध्वजांची मिरवणूक पाहायला सीमेपलीकडूनही माणसे आलेली असतात, आणि शहराबाहेर पडले की काळ्या रानात शाळू पुरुषभर उभा असतो. कुठे तरी बांधावर आगटी पेटलेली असते. कोणी तरी हाक मारून हुरडा हातावर ठेवतो, वर शेंगदाण्याची चटणी. सोलापूरच्या चटणीची कीर्ती मी नव्याने सांगायला नको.

आमच्यासारख्या विस्तार अधिकाऱ्याची फिरती बहुधा रानातच संपते. शाळूवर चिकटा आहे का, डाळिंबावर तेल्या आला का, उसाला पाणी किती दिवसांनी मिळते, हे आमचे प्रश्न. पीक पाहायला आलेल्या माणसाला घराच्या मागच्या अंगणात कोणी नेत नाही. कोंबड्यांचे खाते निराळे, त्याचे डॉक्टर निराळे. पण घरधनिणीला सरकारी खात्यांच्या भिंतींशी काय देणे-घेणे? साहेब दारात आला की ती चहा ठेवता ठेवता विचारते, “पिलं का मरत्यात ओ?” तीस वर्षे हा प्रश्न ऐकत आलो. मग पशुवैद्यकीय मित्रांना विचारले, वाचले, आणि या खेपेला ठरवून जिल्ह्याच्या पश्चिम अंगाची फेरी केली ती खुराडी पाहायलाच.

सोलापूरहून मंगळवेढ्याचा रस्ता बेगमपूरला भीमा ओलांडतो. पलीकडे माचणूर. औरंगजेबाची छावणी सतराव्या शतकाच्या अखेरीस इथे ब्रह्मपुरीला काही वर्षे पडून होती. नदीकाठी किल्ल्याची तटबंदी आणि सिद्धेश्वराचे देऊळ आहे. घाट इतका शांत की तासभर बसावे. पण गाडी थांबत नाही, आपणही थांबू नये. पुढे मंगळवेढ्याची ती नावाजलेली काळी जमीन लागते. दुष्काळात धान्याची कोठारे लोकांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांचे हे गाव. इथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या घराघरांत पोचलेली मालदांडी ३५-१ ही निवड मात्र मोहोळची. ज्वारी आहे म्हणजे कण्या आहेत, कोंडा आहे, खळ्यावर सांडलेले दाणे आहेत. आणि ते आहे म्हणजे दारात कोंबडी आहेच.

मंगळवेढे तालुक्यातल्या एका वाडीवर मी ज्या अंगणात शिरलो, तिथे दोन संसार शेजारी शेजारी मांडलेले होते. एका डालग्याखाली गावरान कोंबडी, खुडूक बसून नुकतीच उठलेली, आठ-नऊ पिले घेऊन. दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या शेडच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचे कुंपण, वर बल्ब आणि खाली बचत गटातून आणलेली यंत्रावर उबवलेली पिले. आणली होती पन्नास. आठवड्यात पंचवीस-तीस उरली होती. उरलेल्यांपैकी काही पंख पाडून डोळे मिटून उभी, शेपटीखाली पांढरी शीट चिकटलेली. घरातल्या आजीबाईंनी ही पिले स्वतःच्या नावावर घेतली होती. नात तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहते, तिच्या खाणावळीचे पैसे अंड्यांवर भागवायचे, असा हिशेब होता. कोंबडीचा पैसा हा घरातल्या बाईचा पैसा, त्याला कोणी हात लावत नाही, हे वाचक भगिनींना मी काय सांगावे!

मुलाने दुकानातून एक पुडी आणून पाण्यात कालवली होती. दुकानदाराचे नाव मी इथे देत नाही. पुडी प्रतिजैविकाची होती, म्हणजे अँटिबायोटिकची. कोणत्या रोगासाठी, किती दिवस, हे ना देणाऱ्याने सांगितले ना घेणाऱ्याने विचारले. आजी मात्र पुडीकडे पाहतही नव्हत्या. त्या म्हणाल्या, “ही कोंबडीखालची पिलं बगा, उकिरड्यावर हिंडत्यात, कायबी खात्यात, एक मेलं न्हाई. यंत्रातनं आल्याली पिलं म्हंजी आईविना पोरं हायती, साहेब.”

आजींचे हे बोलणे आम्ही शिकलेली माणसे बहुधा हसून सोडून देतो. पण त्यात केवढे शास्त्र आहे ते पाहा.

१९७१ च्या सुमाराला फिनलंड या दूरच्या थंड देशात कोंबड्यांमध्ये साल्मोनेला जंतूची मोठी लागण झाली. तिथल्या नुर्मी आणि रँटाला या दोघा संशोधकांनी एक विचार केला. मोठ्या कोंबडीच्या पोटात हा जंतू सहजी ठाण मांडत नाही, एक-दोन दिवसांच्या पिलाला मात्र थोडक्या जंतूंनीही लागण होते, असे का? पिलू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याचे आतडे जवळजवळ रिकामे असते, नांगरून मोकळ्या टाकलेल्या रानासारखे. आईच्या मागे हिंडणारे पिलू तिच्या पायाखालची माती टिपते, तिची शीट टिपते, आणि दोन-चार दिवसांत त्याच्या आतड्यात आईकडचे निरुपद्रवी जिवाणू वस्तीला येतात. यंत्रावरच्या पिलाला आईच नाही. त्याच्या मोकळ्या रानात जो पहिला येईल तो मालक. या दोघांनी निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातला ऐवज पिलांना पाजून पाहिला आणि ती पिले साल्मोनेलाला पुष्कळच पुरून उरली. १९७३ मध्ये हे छापून आले. आजींनी एका वाक्यात सांगितले तेच.

म्हणून घरच्या घरी कोणी कोंबडीची शीट पिलांना कालवून घालू नये हो! मोठी कोंबडी चांगल्या जिवाणूंबरोबर रक्ती हगवणीचे, पांढऱ्या हगवणीचे बीजही देऊ शकते. परदेशात असा ऐवज विकला जातो तो तपासून, वाढवून, रोगजंतू नाहीत याची खात्री करून.

आता हे चांगले जिवाणू राहतात कुठे, ते सांगतो. कोंबडी कापताना आपल्यापैकी अनेकींनी पाहिले असेल, लहान आतडे संपते तिथे दोन बाजूंना दोन आंधळ्या नळ्या असतात, एका तोंडाच्या, पुढे बंद, मोठ्या कोंबडीत वीतभर लांब. गळ्याखालच्या पिशवीत दाणा भिजतो, खड्यांच्या जाड पिशवीत तो भरडला जातो, लहान आतड्यात पचतो, आणि जे पचत नाही त्यातला बारीक, पातळ भाग या आंधळ्या नळ्यांत शिरतो. तिथे कोट्यवधी जिवाणू त्यावर जगतात, ते आंबवतात. दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळी कोंबडी जी तपकिरी, चिकट, फार घाण वासाची शीट टाकते ती या नळ्यांतली. पुष्कळ घरी ती पाहून हगवण लागली म्हणून धावपळ होते. ती हगवण नव्हे. उलट नळ्या कामावर आहेत याची ती खूण. त्यात रक्त दिसले तर मात्र गोष्ट वेगळी, मग थांबू नये.

हे जिवाणू आंबवण करून आम्ले तयार करतात. त्या आम्लांनी नळीतली हवा, म्हणजे तिथले वातावरण, रोगजंतूंना मानवेनासे होते. त्यांतले ब्युटिरिक आम्ल तर आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे इंधनच आहे. आतड्याचे अस्तर म्हणजे फक्त एका पेशीच्या जाडीचे कुंपण, त्यावर बुळबुळीत चिकट थर. कुंपण धड असेल तर जंतू रक्तात शिरत नाहीत. उन्हाळ्यात कोंबडी धापा टाकते, खाणे सोडते, तेव्हा हे कुंपण विरळ होते, हे आता सिद्ध झाले आहे. सोलापूरच्या वैशाखात पिले का जातात याचे एक कारण इथेही आहे.

कुंपणाला लागूनच राखणदारांची चौकी असते. कोंबडीला आपल्यासारख्या काखेत-जांघेत येणाऱ्या लसिका गाठी नसतात. तिची राखण पुष्कळशी आतड्याच्या भिंतीतच पसरलेली असते, आणि त्या दोन आंधळ्या नळ्यांच्या तोंडाशी तर आपल्या घशातल्या टॉन्सिलसारखे ठाणेच असते. आणखी एक पिशवी गुदद्वाराच्या वरच्या अंगाला असते. तिला फॅब्रिशियसची पिशवी म्हणतात. ही पिशवी कशासाठी, हे शेकडो वर्षे कोणाला कळले नव्हते. अमेरिकेत ओहायो इथे ब्रूस ग्लिक नावाच्या विद्यार्थ्याने काही पिलांची ती काढून टाकली होती. त्याच्या सोबत्याला वर्गात प्रतिपिंडे कशी तयार होतात ते दाखवायला कोंबड्या हव्या होत्या, त्याने नेमक्या याच नेल्या, आणि त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत! म्हणजे रोगाशी लढणारी द्रव्ये बनवणाऱ्या पेशींची तालीम या पिशवीत होते. १९५६ साली हा शोध छापला तो कोंबडीपालनाच्या एका साध्या नियतकालिकाने. मोठ्या नियतकालिकाने तो परत पाठवला होता. आज माणसाच्या रक्ततपासणीत ज्यांना ‘बी’ पेशी म्हणतात, तो ‘बी’ या पिशवीच्या इंग्रजी नावाचा. गंबोरो रोग नेमका या पिशवीवरच घाला घालतो. म्हणून गंबोरोतून वाचलेले पिलूही पुढे भलत्याच रोगाने जाते आणि लस दिली तरी ती नीट लागत नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. आतड्यातल्या या चांगल्या वस्तीला मदत करण्याचे दोन मार्ग. एक, जिवाणूच आणून सोडणे. त्याला प्रोबायोटिक म्हणतात. दुसरा, जे कोंबडीला पचत नाही पण चांगल्या जिवाणूंना पचते असे खाद्य देणे. त्याला प्रीबायोटिक म्हणतात. हा दुसरा शब्द १९९५ साली गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड यांनी रूढ केला. शेतकऱ्याला हा फरक चटकन समजतो. तुरीच्या बियाण्याला रायझोबियम चोळणे हे पहिले, आणि रानात शेणखत घालणे हे दुसरे. शेणखत पिकापेक्षा आधी मातीतल्या जिवाणूंचे अन्न असते. ज्या जमिनीत सेंद्रिय काही नाही तिथे रायझोबियमचे पाकीट वाया जाते, हे आपण भोगलेले आहे.

सोलापूरच्या मार्केट यार्डात हिवाळ्यात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, तिखट वासाने डोळे चुरचुरतात. त्या कांद्यात फ्रुक्टान नावाची साखरेची साखळी असते. लसणात असते. कॉफीत मिसळतात त्या चिकोरीच्या मुळात तर भरपूर, आणि तिथूनच इन्युलिन नावाचा प्रीबायोटिक काढतात. हे वाचून कोणी भाव पडलेला कांदा खुराड्यात ओतू नये, म्हणून इथेच सांगतो: कांद्यात दुसरेही एक द्रव्य आहे, ते जास्त गेले तर कोंबडीच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. कांदा हे कोंबडीचे खाद्य नव्हे. ज्या वस्तूत गुण असतो ती वस्तू जशीच्या तशी औषध होतेच असे नाही.

ताकाची गोष्ट मात्र न्यारी. आजींच्या घरी कोंबडीखालच्या पिलांना पहिल्या दिवसांत ताकात भिजवलेल्या ज्वारीच्या कण्या घालत. कोंबडीला दुधातली साखर पचवता येत नाही, तसा पाचक रस तिच्याकडे जवळजवळ नाहीच. ती साखर न पचता आंधळ्या नळ्यांपर्यंत पोचते आणि तिथले जिवाणू ती आंबवून आम्ल करतात. अमेरिकेत टेक्सास इथे पिलांना दुधातली साखर घालून साल्मोनेला कमी होतो का, याचे प्रयोग १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून झाले, आणि चांगल्या जिवाणूंच्या जोडीने दिली तर उपयोग अधिक झाला. ताकात ती साखर थोडी आणि आंबवणारे जिवाणूही. मात्र ताक ताजे हवे, थोडे हवे, सकाळचे भांडे दुपारी धुवायला हवे. फार पाजले तर शीट पातळ होते, लिटर ओले होते, आणि ओल्या लिटरमध्ये काय होते ते पुढे सांगोल्याला पाहू.

आजींच्या उरलेल्या पिलांचे काय? पुडी बंद करून मरतुकडी दोन पिले पिशवीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुलाला धाडले. डॉक्टरांनी पिलू फाडून पाहिल्याशिवाय नुसत्या अंदाजाने औषध ठरवू नये, हे माझे पक्के मत. बाकी आम्ही अंगणातच केले ते साधे होते. बल्ब उंच होता, पिले एकमेकांवर चढत होती. तो खाली घेतला. पाण्याचे भांडे शेवाळलेले होते, त्यात शीट पडत होती. ते घासून विटेवर ठेवले. मरगळलेली पिले वेगळ्या खोक्यात. यात प्रीबायोटिक काहीच नाही, हे मला ठाऊक आहे. पण थंडी, घाण पाणी आणि गर्दी असताना जगातला कोणताही गुणकारी पदार्थ पिलू वाचवत नाही.

मंगळवेढ्याहून सांगोल्याकडे जाताना जमिनीचा रंग उतरत जातो. काळी सरून माळ लागतो, मग डाळिंबाच्या बागा, मेंढ्यांचे कळप, खिलार बैल. हा माणदेश. पाऊस इथे पाहुण्यासारखा येतो. अशा मुलखात कोंबडीच्या लांबलचक शेड पुष्कळ दिसतात, कारण कोंबडीला उसाइतके पाणी लागत नाही. शेड शेतकऱ्याची, पिले-खाद्य-औषध कंपनीचे, आणि वाढीचा मेहनताना किलोवर, अशी बहुतेकांची रीत.

अशा एका शेडमध्ये शिरलो तर अमोनियाने नाक झोंबले. भाताचे तूस लांबून आणावे लागते म्हणून भुईमुगाची टरफले आणि उसाचा चोथा मिसळून खाली गादी केली होती. टरफले चांगली, चोथा मात्र खडखडीत वाळवल्याशिवाय वापरू नये, त्याला बुरशी येते आणि ती पिलांच्या फुप्फुसात जाते. पाण्याच्या ओळीखालचा पट्टा ओला होता. कोंबडीच्या शिटेतून बाहेर पडलेले रक्ती हगवणीचे बीज ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत पिकून लागण करायला तयार होते. म्हणून लिटर मुठीत दाबून पाहावे. लाडू वळला तर ओले, भुरभुरले तर ठीक.

शेडमालक चांगला वाचणारा गडी. त्याने विचारले, “साहेब, खाद्यातलं अँटिबायोटिक बंद केलं तर पक्षी टिकंल का? वजन येईल का?” हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नव्हे. १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत असे दिसले की प्रतिजैविक थोड्या प्रमाणात रोज खाद्यात दिले तर पिले भराभर वाढतात. पुढे जगभर ती चालच पडली. त्याची किंमत हळूहळू कळली. रोज थोडे थोडे औषध खाऊन जंतू निबर होतात, आणि ते जंतू शेडच्या कुंपणात राहत नाहीत. शिटेबरोबर रानात, हाताबरोबर घरात येतात. मग आपले लेकरू तापाने फणफणते तेव्हा डॉक्टरांचे औषध चालत नाही. स्वीडनने १९८६ साली वाढीसाठीची ही औषधे बंद केली, सगळ्या युरोपीय संघाने २००६ च्या पहिल्या दिवसापासून. आपल्या सरकारने २०१९ च्या जुलैमध्ये कोलिस्टिन हे औषध खाण्याच्या जनावरांसाठी बंद केले, कारण माणसाच्या दुखण्यात बाकी सारे थकल्यावर डॉक्टर जे शेवटी काढतात त्यांतले ते एक आहे.

युरोपात औषधे बंद केली तेव्हा सगळे सुरळीत झाले असे मी त्याला सांगितले नाही, कारण ते खरे नाही. काही ठिकाणी आतडे सडवणारा क्लॉस्ट्रिडियमचा रोग आधी वाढला. मग शेडमधली गर्दी, लिटर, खाद्य, लस सगळेच सुधारावे लागले. त्याच काळात प्रीबायोटिककडे लोक वळले. तपासणीत काय दिसले? चांगले जिवाणू वाढतात, आतड्यातल्या बारीक लोकरीसारख्या केसरांची उंची वाढते, साल्मोनेला आणि ई-कोलाय कमी होतात, असे पुष्कळ प्रयोगांत दिसले. पण सगळ्यांत नाही. शेड आधीच स्वच्छ असेल तर फरक फारसा दिसत नाही. मात्रा फार झाली तर आंबवण वाढून शीट पातळ होते. आणि मानमोडी, गंबोरो, बर्ड फ्लू यांसारख्या विषाणूंपुढे प्रीबायोटिक म्हणजे ढाल नव्हे. नंदुरबारच्या नवापुरात २००६ साली बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तिथे खाद्यातल्या साखरेने काही होणार नव्हते. तिथे लागते ते बंद फाटक, बाहेरच्या माणसाला मज्जाव आणि सरकारला वेळेवर खबर.

तो गडी थोडा हिरमुसला. त्याला एक पुडी हवी होती. पण मी म्हणतो, जी पुडी सगळे रोग बरे करते असे लिहिलेले असते ती पुडी तिथल्या तिथे परत करावी.

सांगोल्याहून महूद, वेळापूर करीत माळशिरस तालुक्यात उतरलो की मुलूख पुन्हा पालटतो. पाटाचे पाणी, उसाचे फड, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर. माळीनगरचा साखर कारखाना १९३० च्या दशकातला, सासवडच्या माळी मंडळींनी इथे येऊन उभा केलेला. आज जिल्ह्यात इतके कारखाने आहेत की रात्रीच्या एसटीतून एकाची चिमणी मागे पडते तोवर दुसऱ्याची दिसते. साखरेच्या मागे मळी उरते, आणि मळीवर वाढते ते यीस्ट. कोंबडीच्या खाद्यातला सगळ्यांत प्रसिद्ध प्रीबायोटिक या यीस्टच्याच टरफलातून काढतात. त्यात मॅनन नावाची साखळी असते, म्हणून त्याला मॅनन ऑलिगोसॅकराइड म्हणतात. दुकानात नुसते ‘मॉस’.

याचे काम इतरांहून वेगळे आहे. ई-कोलाय आणि साल्मोनेला जातीच्या पुष्कळ जंतूंना बारीक हातासारखे तंतू असतात. त्या हातांनी ते आतड्याच्या भिंतीवरची मॅनोज नावाची साखर पकडून चिकटतात. चिकटल्याशिवाय त्यांना रोग करता येत नाही, कारण आतड्यातला माल सारखा पुढे वाहत असतो. यीस्टच्या टरफलावर तीच साखर असते. जंतू भिंतीऐवजी टरफलाला मिठी मारतो आणि टरफलासकट शिटेतून बाहेर जातो. १९८९ साली पिलांच्या पाण्यात मॅनोज घालून साल्मोनेला कमी झाल्याचे अमेरिकेत दाखवले गेले, तिथून ही वाट पुढे निघाली. शिवाय त्याच टरफलात बीटा-ग्लुकान असते. ते आतड्याच्या भिंतीतल्या राखणदार पेशींना जागे ठेवते. चिकटायला हात नसलेल्या जंतूंवर मात्र ही युक्ती चालत नाही, हे विक्रेता सांगत नाही. आणि डिस्टिलरीतून निघालेला गाळ फुकट मिळतो म्हणून कोंबड्यांना घालणे हा प्रकार कोणी करू नये. विकत मिळते ते धुऊन, वाळवून, वेगळे काढलेले टरफल असते.

अकलूजजवळच्या एका मळ्यात गिरीराज आणि गावरान मिळून शंभरेक पक्षी पाळणाऱ्या वहिनी भेटल्या. त्यांनी मला वही दाखवली. कोणत्या तारखेला पिले आली, कितव्या दिवशी कोणती लस, किती मेली, खाद्य किती. पाचव्या ते सातव्या दिवसाच्या आत लासोटा, चौदाव्याला गंबोरो, पुन्हा चौथ्या आठवड्यात लासोटा, सहा ते आठ आठवड्यांत मानमोडीची टोचायची लस. सगळे तालुक्याच्या डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे. लस पाण्यातून द्यायच्या दिवशी त्या टाकीतले ब्लीचिंग घातलेले पाणी वापरत नाहीत, कारण ब्लीचिंगने लसच मरते. साधे स्वच्छ पाणी, त्यात थोडी दूध पावडर, आणि पक्षी तहानलेले असताना पहाटे. मॉस त्या पहिले तीन आठवडेच खाद्यात घालतात, पाकिटावरच्या मात्रेने, आणि नंतर बंद. “पुढं त्यांचं पोट त्यांचं त्यांनी सांभाळावं,” म्हणाल्या. मला हे पटले. रिकामे रान असते ते पहिल्या दिवसांतच. वस्ती बसली की खर्चाला फारसा अर्थ नाही.

त्यांचा प्रश्न मात्र स्वयंपाकघरातला होता. अशा कोंबडीचे अंडे मुलांना अर्धकच्चे दिले तर चालते का? मी म्हटले, नाही. खाद्याने जंतू कमी होतो, संपत नाही. अंडे आणि कोंबडी दोन्ही नीट शिजवावी, तडकलेले अंडे मुलांना देऊ नये, खुराडे झाडून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरी थापू नये. त्यांनी तेही वहीत लिहून घेतले आणि मला एका पिशवीत डझनभर अंडी बांधून दिली. एसटीत अकलूज ते सोलापूर ती मांडीवर धरून आणली. टेंभुर्णीच्या अलीकडे खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा तीन फुटली.